भात झोडतेस काय

॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

टाकवे बुद्रुक, ता. मावळ
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

महिपती भाऊ यांस,

नमस्कार लिहिते आहे तो तुमच्या वयाला. पत्रात पुढे गोड काही नाही, हे आधीच सांगते.

मी कोमलची आई, उज्ज्वला. दोन वर्षं झाली, माझी मुलगी कान्ह्याहून सकाळची लोकल पकडून लोणावळ्याला तुमच्या गोल्फच्या क्लबात कामाला येते. आधी मैदानावर विखुरलेले बॉल वेचायची, मग पाहुण्यांच्या स्टिकांच्या पिशव्या वाहू लागली, आणि गेले सहा महिने तुम्ही तिला खेळायला शिकवता आहात. बावीस नोव्हेंबरला परीक्षा आहे, जमली तर शिकवणाऱ्यांच्या हाताखाली पक्की जागा मिळेल, असं तिने सांगितलं तेव्हा मी देवीची ओटी भरली. तुमच्या नावानेही हात जोडले होते. ते आता परत घ्यावेसे वाटतात.

काल रविवारी मुंबईचे पाहुणे, तुमचे मॅनेजर, पिशव्या वाहणारे कॅडी, कँटीनवाले असे सगळे उभे असताना तुम्ही तिला मोठ्याने विचारलंत, "भात झोडतेस काय?" सगळे हसले. एका बाईला ते कळलं नाही, तर तिला कुणीतरी हात उगारून करूनही दाखवलं.

हे मला कोमलने सांगितलेलं नाही. ती घरी आली, पाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून निजली. जेवली नाही. मला कळलं ते दूधगाडीवरच्या गोविंदाकडून. तुमच्या कँटीनला तोच दूध घालतो. वर म्हणतो कसा, "मलाबी हसू आलं मावशी, खोटं कशाला सांगू." त्याला मी चहा न देता परत पाठवला.

मला एकच विचारायचं आहे. भात झोडण्यात हसण्यासारखं काय आहे? तुमच्या क्लबात जेवायला इंद्रायणीचा भात वाढतात, तो काय त्या स्टिकांनी टोलवून आणतात? मी मॅट्रिक झालेली बाई आहे, पण लग्न होऊन या घरात आल्यापासून एक कार्तिक असा गेला नाही की मी भात झोडलं नाही. माझ्या सासूबाई, अंबूबाई, सत्तरी उलटली तरी खळ्यावर उभ्या राहत. जे काम करून आम्ही पोरं वाढवली, त्याची तुम्ही शिवी केलीत.

फोनवरच बोलणार होते, पण कोमल तुमचा नंबर देत नाही. बरंच झालं. बोललेलं नाकारता येतं, लिहिलेलं येत नाही. हे पत्र गोविंदाच्या हाती देते आहे, उत्तरही त्याच्याच हाती द्या.

ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर माफी मागा. नाहीतर बावीस तारखेला तिची वाट बघू नका. जागा तुमच्या क्लबाची असेल, मुलगी माझी आहे.

उज्ज्वला


लोणावळा
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

कोमलच्या आईस महिपतीचा नमस्कार.

माझं शिक्षण सातवी. लिहायची सवय न्हाई, जसं बोलतो तसं लिहितो.

व्हय, म्हणालो मी तसं. नाकारत न्हाई. पण का म्हणालो ते ऐका. बॉल मारायच्या आधी स्टिक मागं वर न्यावी लागते. तिथवर तुमची पोरगी इतकी देखणी करते की आमच्या क्लबात तसं कुणाचं न्हाई. घोटाळा हाय तो खाली येताना. त्याला आमच्यात डाऊनस्विंग म्हणतात आन सगळा खेळ त्यातच हाय. स्टिक वर नीट पोचायच्या आतच ती दोन्ही हात धाडकन खाली टाकते. कंबर तशीच राहते, वजन मागच्या पायावरच राहतं, नुसते खांदे आन हात मारतात. मग स्टिक बॉलाच्या आधी जमिनीत घुसते. ढेकूळ उडतं लांब आन बॉल राहतो हितंच. न्हाईतर बॉलाच्या डोक्याला लागतं आन तो गवतातनं सरपटत जातो.

सहा महिने सांगतोय, खालनं सुरुवात कर, आधी पाय, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. ती व्हय म्हणते आन परत हातच टाकते. रविवारी एकामागं एक तीन बॉल तसेच गेले. तोंडातनं निघून गेलं.

मी कॅडी होतो तवा साहेब लोक मला याहून वाईट बोललेत. मी मान खाली घालून शिकलो, म्हणून आज शिकवतोय. सगळ्यांपुढं माफी माझ्याच्यानं मागवणार न्हाई. शिकवणाराच माफी मागत बसला तर उद्या त्याचं ऐकणार कोण. तिला एकटीला बसवून समजावीन म्हणत होतो, पण ती येईल तवा ना. सोमवारपासून ती आलेलीच न्हाई. ताप वगैरे असंल तर कळवा.

एका जागेला दोघं हायत. दुसरा स्वराज, एका मेंबराचा भाचा. मॅनेजर रोज विचारतो, तुमची मुलगी पळाली का.

महिपती


॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

टाकवे बुद्रुक
सोमवार, ३ नोव्हेंबर

महिपती भाऊ,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. वाचलं आणि आधी देव्हाऱ्यापुढे जाऊन बसले. तेव्हाच लिहायला घेतलं असतं तर कागद फाटला असता.

सोमवारपासून ती आलेली नाही म्हणता. आणि मी रोज पाचला उठून तिला भाकरीचा डबा करून देते आहे. ती रोज लोकलला जाते आहे. संध्याकाळी रिकामा डबा आणून मोरीत ठेवते आहे.

मी तिला काही विचारलं नाही. आज सकाळी तिच्या मागच्या डब्यात चढले. ती मळवलीला उतरली आणि भाजे गावाची वाट धरली. तिथे माझी धाकटी बहीण बबिता राहते. मी पोचले तर माझी मुलगी बबिताच्या खळ्यावर ओढणी कंबरेला बांधून भात झोडत होती. बबिता म्हणाली, "आठ दिस झालं येतीया. मला वाटलं सुट्टी हाय. मजुरी घे म्हणलं तर घेत न्हाई, नुसती झोडतीया आन मधीच थांबून स्वतःच्या पायाकडं बघतीया."

कोमलला विचारलं, हे काय चाललंय. ती म्हणाली, "सर म्हणाले भात झोडतेस. म्हटलं, बघू तरी, आपण झोडतो ते नेमकं कसं झोडतो."

आता पुढचं नीट वाचा, लागलं तर दोनदा वाचा. मी खळ्याच्या कडेला बसून तासभर तिला बघितलं. आमच्या सासूबाईंनी शिकवलं तसं मी तिला शिकवलं होतं आणि ती अजून तसंच करते. डावा पाय पेंढी आपटायच्या फळीकडे रोवलेला. पेंढी उजव्या खांद्यावरून मागे जाते तेव्हा अंगाचा भार मागच्या पायावर. पेंढी वर असतानाच भार पुढच्या पायावर येतो, मग कंबर वळते, तिच्यामागून खांदा येतो. हात आपण टाकायचे नसतात, ते ओढले जातात. पेंढी सगळ्यात शेवटी पोचते आणि पोचते तेव्हा फळीवर दाण्यांचा सडा पडतो. हातांनी झोडणारी बाई दुपारपर्यंत खांदा धरून बसते, दिवसभर झोडणं तिला जमतच नाही.

म्हणजे भाऊ, तुमच्या मैदानावर ती भात झोडत नव्हती. झोडत असती तर बॉल गेला असता.

मी तिला म्हटलं, तिथे मारतेस तसं इथे मारून दाखव. तिने पेंढी स्टिकेसारखी धरली आणि मारली. पेंढी फळीच्या अलीकडे मातीत आपटली. लोंब्या मोडल्या, फळीवर दाणा पडला नाही. बबिता हसून खालीच बसली. "ह्ये कुणी गं शिकवलं तुला," म्हणाली. मी विचारलं, मग तिथेच असं का करतेस? तर म्हणते, "तिथं सगळे बघत असतात. चुकायच्या आत मारून टाकावंसं वाटतं."

आधी वाटलं होतं तुम्ही आमच्या कामाला हसलात. आता कळलं की ते काम तुम्हाला ठाऊकच नाही. ठाऊक नसलेल्या कामाचं नाव घेऊन तुम्ही माझ्या मुलीला चारचौघांत खाली बघायला लावलंत. गोविंदा सांगतो, तुम्ही वरच्या वाडीत जन्मलात, तुमच्या घरी भात होतं. मग तर हे आणखीच वाईट.

बुधवारपासून ती कामावर येईल. ती हट्ट धरून बसली आहे म्हणून पाठवते, तुमचं पत्र पटलं म्हणून नाही. बावीस तारखेची माझी अट तशीच आहे.

उज्ज्वला


लोणावळा
रविवार, ९ नोव्हेंबर

कोमलची आई,

तुमचं पत्र चारदा वाचलं. मग घरी बायाला, म्हंजे माझ्या बायकोला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाई खरं बोलतीया.

आमच्या घरी भात होतं, व्हय. आमचं खाचर होतं तितं आज सहाव्या होलचं ग्रीन हाय, म्हंजे झेंड्याच्या भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत. बापाचं खळं त्याच्या कडंला होतं. जमीन गेली आन मी कॅडी झालो. बावीस वर्षं पेंढीला हात लावला न्हाई. काल शेजारच्या खळ्यावर जाऊन दोन पेंढ्या मागितल्या आन झोडायला उभा राहिलो. बाया कडंला उभी होती. म्हणते, "हात आधी टाकताय तुमी. तुमीच ना लोकांना शिकवता." शेजारीपाजारी होते. ते हसले. मला घरी जावंसं वाटलं.

आता खरं सांगतो. हा शब्द माझा न्हाई. मी नवा होतो तवा एका साहेबानं मला म्हणलं होतं, काय भात झोडतोस. सगळे हसले, मीबी हसलो. मग बाकीच्या पोरांना मीच ते म्हणायला लागलो. कधी थांबून बघितलं न्हाई की शब्द बरोबर हाय का चूक. साहेबानं भात झोडताना कुणाला बघितलंबी नसंल.

आन त्या रविवारी मॅनेजर माझ्या मागंच उभा होता. आदल्या दिवशी तो म्हणाला होता, मुलीला जमत नसेल तर नाव काढून टाका, स्वराज आहेच. तिसरा बॉल सरपटला तवा मला भीती वाटली, पोरीचं नाव जातंय. त्या भीतीचा राग तिच्यावर निघाला.

ती आली. पण बॉलापुढं उभी राहिली की परत हात. माझ्याच्यानं व्हत न्हाई. तुमी स्वतः या. गुरुवारी गर्दी नसते. फळी आन पेंढ्या घेऊन या, मी गेटवर सांगून ठेवतो.

माफीचं तेवढं अजून तोंडाला येत न्हाई.

महिपती


॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

टाकवे बुद्रुक
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

महिपती भाऊ,

काल मी आले, तुमच्या बोलावण्यावरून. गुरुवारचा उपास होता, तरी गोविंदाच्या गाडीत सासूबाईंची जांभळाची फळी आणि सहा पेंढ्या घालून आले. गेटवरचा रखवालदार म्हणाला, सामान मागच्या दाराने. मी मागच्या दाराने आले. तेही गिळलं.

तुमच्या हिरव्या गालिच्यासारख्या गवतावर मी फळी मांडली. कोमलने चार पेंढ्या झोडल्या, मग लगेच स्टिक घेतली, मग पुन्हा पेंढी. मी तिला एवढंच म्हणत होते की बॉलाकडे बघू नकोस, बॉल म्हणजे फळी. फळीच्या आधी माती लागली तर सासूबाई ओरडायच्या, ते आठव. सातव्या-आठव्या बॉलाला आवाज बदलला. मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण तो आवाज मला कळला. पेंढी नीट बसली की खळ्यावर तसाच आवाज येतो, एकच, भरीव. बॉल इतका वर गेला की मला दिसेना. तुम्ही टोपी काढलीत. तेव्हा मला वाटलं, चला, माणूस वाईट नाही.

आणि तेवढ्यात तुमचे मॅनेजर आले. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय. आणि तुम्ही काय म्हणालात? "साफसफाईची बाई आहे साहेब, पेंढा उचलते आहे."

मी साफसफाईला आले नव्हते. साफसफाईचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही, घरी मी दुसरं काय करते. पण तुमच्या सहा महिन्यांत जे जमलं नाही ते माझ्या फळीने एका सकाळीत केलं, आणि तुम्ही तिला पेंढा म्हणालात. कोमल माझ्याकडे बघत होती. मी रागात निघाले, फळी तिथेच राहिली.

आता तुमच्याकडे दोन माफ्या आहेत. एक मुलीची, एक माझी.

परीक्षेला मी तिला पाठवणार आहे. तुमच्यासाठी नाही. तिने तो आवाज पुन्हा काढायचा आहे, म्हणून.

उज्ज्वला


लोणावळा
शनिवार, २२ नोव्हेंबर

ताई,

आज कोमलची आई लिहीत न्हाई, ताई लिहितो. चालत नसंल तर खोडून टाका.

परीक्षा झाली. पत्र लगेच लिहितोय, कारण कोमल तुमाला अर्धंच सांगंल.

दहा बॉल होते. शंभर यार्डावरच्या ग्रीनवर जास्त कुणाचे बसतात ते बघायचं. मॅनेजर, कमिटीचे लोक आन शनिवारचे पाहुणे, सगळे दोरीच्या मागं. त्या रविवारचे बरेचसे तेच चेहरे. स्वराज आधी खेळला. सहा बसले. पोरगा चांगला हाय, त्याला नाव ठेवणार न्हाई.

मग कोमल. पहिला बॉल सरपटला. दुसऱ्याला स्टिक मातीत गेली, ढेकूळ उडालं. मागं कुणीतरी खुसखुसलं. मी बघितलं, तिचे खांदे कानाला भिडले होते. आता ती हातच टाकणार, हे मला दिसत होतं. शिकवणाऱ्यानं परीक्षेत बोलायचं नसतं. पण ताई, मला तुमचा चेहरा दिसला, पेंढा म्हणालो तवाचा.

मी ओरडलो, "कोमल, भात झोड."

सगळे हसले. त्या दिवसासारखेच. पण तिनं वळून माझ्याकडं बघितलं आन तीबी हसली. खांदे खाली आले. डावा पाय दाबून उभी राहिली, जशी खळ्यावर उभी राहते. मग कंबर वळली, हात मागनं आले, आन तो आवाज आला. एकच, भरीव. बॉल झेंड्याच्या कडंला जाऊन बसला. दोरीमागचं हसू थांबलं. त्याच्यापुढं सातातला एकच चुकला. सात बसले.

मॅनेजर माझ्याकडं आला आन म्हणाला, परीक्षेत बोललात, हे नियमात बसत न्हाई. मी म्हणालो, "साहेब, त्या गुरुवारी जी बाई आली होती ती साफसफाईची न्हवती. ती हिची आई. खाली कसं यायचं ते तिनं शिकवलं. मी सहा महिने चुकीचा शब्द वापरत होतो." सगळ्यांनी ऐकलं. ती मुंबईची बाईबी होती, तिनं विचारलं, भात झोडणं म्हणजे नेमकं कसं. कोमलनं तिला करून दाखवलं, पायापासून.

निकाल सोमवारी कळवतो म्हणालेत. माझ्या बोलण्यानं तिचा तोटा झाला तर त्याला मी जबाबदार.

ताई, मला वाटतं माफी झाली. तुमाला काय वाटतं ते कळवा.

महिपती


॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

टाकवे बुद्रुक
मंगळवार, २५ नोव्हेंबर

महिपती भाऊ,

ताई लिहा, खोडलं नाही.

कोमल काल कागद घेऊन आली. जागा तिला मिळाली आहे, पण त्यात लिहिलं आहे, तीन महिने बघू. हे मला पटलेलं नाही. सात बॉल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसले, त्यात बघायचं काय उरलं? स्वराजला जागा मिळाली असती तर त्यालाही तीन महिने बघितलं असतं का, एवढं तुमच्या मॅनेजरना विचारा. तुम्हाला विचारता येत नसेल तर मी पत्र लिहिते. गोविंदा रोज जातोच.

तुम्ही म्हणालात कोमल अर्धंच सांगेल. तिने अर्धंही सांगितलं नाही. "आई, सर ओरडले," एवढंच म्हणाली आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. बाकीचं तुमच्या पत्रात वाचलं. मॅनेजरना जे सांगितलंत ते मी देवीपुढे वाचून दाखवलं. माझी माफी पोचली, असं धरते.

मुलीच्या माफीचं मात्र तसं नाही. तेच शब्द पुन्हा ओरडलात आणि लोक पुन्हा हसले. या वेळी तीही हसली म्हणता, ते खरं आहे, तिनेच कबूल केलं. तरी ओरडणं म्हणजे माफी नव्हे.

आणि माझी फळी कुठे आहे? गोविंदा सांगतो, ती तुम्ही सरावाच्या जागी मांडून ठेवली आहे आणि मुंबईचे पाहुणे तिच्यापुढे ओळ लावून पेंढ्या आपटतात. पेंढ्या कुठून आणल्यात, तेही कळवा. ती फळी अंबूबाईंच्या हाताखालची आहे, शोभेची नाही. आमचं निम्मं भात अजून न झोडता उडवीत रचलेलं आहे आणि मी शेजारणीची फळी मागून काम चालवते आहे.

येत्या रविवारी आमच्याकडे नव्या तांदळाचा नैवेद्य आहे. बायावहिनींना घेऊन या. फळी तुम्ही स्वतः उचलून आणा, कोमलच्या डोक्यावर देऊ नका. आधी जेवा, मग खळ्यावर या. बबिता येणार आहे, गोविंदा येणार आहे, आळीतल्या बायका असतील. शंभर पेंढ्या तुमच्यासाठी काढून ठेवल्या आहेत. कोमल शिकवेल, मी कडेला बसून बघेन. नीट झोडल्यात तर माफी झाली.

पण एकदा जरी हात आधी टाकलेत, तर सगळ्यांसमोर मोठ्याने विचारीन, गोल्फ खेळता काय?

उज्ज्वला